शनिवारी बंद असणारे दुकान

परदेशी मुलाकडे चार महिने राहून परत आलेल्या गृहस्थास भेटावयास जी मंडळी येतात, ती पहिला प्रश्न हवेचा विचारतात. आणि दुसरा, आवाज किंचित उतरवून, खाण्याचा. "तिकडे आपल्यासारख्यांनी जेवावे तरी कोठे?" असे विचारणारी तीन पत्रेही मजकडे आली आहेत. घरच्या वरणभाताविषयी लिहिण्याजोगे काही नाही. सूनबाई तो येथल्याइतकाच चांगला करतात. भारतीय उपाहारगृहांचाही तेथे सुकाळ आहे. म्हणून या महिन्यात मी अशा एका दुकानाविषयी लिहितो, की जेथे जाऊन मजसारख्या शाकाहारी माणसाने काय खावे असा प्रश्न कोणासही पडेल, आणि तरीही ज्या दुकानातून मी तृप्त होऊन बाहेर पडलो. हे दुकान न्यूयॉर्क शहरात, मॅनहटन बेटाच्या दक्षिण भागात, लोअर ईस्ट साइड म्हणून जो जुन्या गरीब वस्तीचा भाग आहे तेथील बाजारात आहे. ते यहुदी मनुष्याचे आहे. अशा दुकानास तिकडे 'डेलिकटेसन' म्हणतात. लोकांच्या जिभेवर त्याचे नुसते 'डेली' झाले आहे.

शब्द मूळचा लॅटिन. 'डेलिकाटुस' म्हणजे नाजूक, रुचकर. तेथून तो फ्रेंचमध्ये गेला, फ्रेंचमधून जर्मनांनी उचलला, आणि जर्मन लोकांबरोबर जहाजात बसून अमेरिकेस आला. प्रथम ही दुकाने जर्मनांचीच होती. खारविलेले मांस, धुरी दिलेले मासे, लोणची, पाव असे तयार अन्न त्यांत विकत मिळे. पुढे 1881 साली रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा वध झाला, यहुद्यांवर तिकडे दंगलींचे सत्र सुरू झाले, आणि पूर्व युरोपातून यहुदी लोक अमेरिकेस येऊ लागले. 1924 साली अमेरिकेने कायदा करून दार जवळजवळ लावून घेतले, तोपर्यंत वीस लाखांहून अधिक आले. त्यांपैकी कित्येकांनी पहिले बिऱ्हाड या लोअर ईस्ट साइडमध्येच केले. एका खोलीत पाच-सहा माणसे, त्यांतच एखादा भाडोत्री, आणि खालच्या रस्त्यावर हातगाड्यांचा बाजार. ज्याला स्वयंपाकघर नाही व ज्याची बायको अजून गावीच आहे, अशा एकट्या पुरुषाची सोय या दुकानांनी केली. पुण्यात शिकावयास आलेल्या मुलांची सोय खाणावळींनी केली, तशीच ही समजावी.

हातगाड्यांचा तो बाजार आता नाही. ला गार्डिया नावाचे नगराध्यक्ष होऊन गेले. त्यांनी रस्ते मोकळे करण्यासाठी फेरीवाल्यांना छपराखाली नेले आणि 1940 साली एसेक्स स्ट्रीट मार्केट उघडले. तेही 2019 साली रस्त्यापलीकडील नव्या काचेच्या इमारतीत गेले. मंडई स्वच्छ आहे, उजेडाची आहे, आणि मंडईत असावयास हवा तो कोलाहल तीत फारसा नाही. आम्ही तेथून निघून दोन-तीन रस्ते चाललो. बरोबर माझा नातू होता. तो बारा वर्षांचा आहे आणि त्याचा जन्म तिकडचाच आहे. आठव्या वर्षी त्याची मुंज आम्ही पुण्यास येऊन यथासांग केली. संध्येची चोवीस नावे तो आजही बिनचूक म्हणतो, आणि त्याच तोंडाने दुपारी शाळेत सर्व काही खातो. हे चिरंजीवांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकले होते.

दुकान लहानसे. पुढे काचेची मांडणी, मागे वाफेची पेटी, कडेने सहा मेजे. दाराच्या चौकटीवर उजव्या बाजूस एक बोटभर लांबीची डबी तिरकी ठोकलेली होती. तीस 'मेझुझा' म्हणतात. आत चर्मपत्रावर त्यांच्या धर्मग्रंथातील वचने लिहिलेली असतात. भिंतीवर धर्माधिकाऱ्याचे प्रमाणपत्र चौकटीत लावले होते, आणि त्याखाली पाटी होती : शुक्रवारी दुपारी लवकर बंद, शनिवारी बंद. शनिवार म्हणजे ज्या दिवशी न्यूयॉर्कमधील यच्चयावत् लोक बाहेर जेवतात तो दिवस! बाजारातील दुकानदाराने आठवड्यातील सर्वांत मोठ्या विक्रीचा दिवस सोडून द्यावा, तोही पिढ्यान् पिढ्या, याचे मोल ज्यांच्या घरी दुकान आहे ते वाचक बरोबर करतील.

येथे एक भेद सांगितला पाहिजे. नाही तर पुढे जाणाऱ्यांचा घोटाळा होईल. यहुदी धाटणीचे खाद्यगृह म्हणजे यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे चालणारे खाद्यगृह, असे नव्हे. याच भागात 1888 पासून चालत आलेले 'कॅट्झ' नावाचे सुप्रसिद्ध दुकान आहे. तेथे माणसांची रांग रस्त्यावर येते. परंतु ते शनिवारीही उघडे असते, आणि मांस व चीज तेथे एकाच पावात घालून मिळते. म्हणजे चव यहुदी, आचार नव्हे. आचार पाळणाऱ्या दुकानास 'कोशर' म्हणतात. मूळ हिब्रू शब्द 'काशेर'. त्याचा अर्थ योग्य, ग्राह्य. याच्या उलट जे अग्राह्य ते 'ट्रेफ'. या शब्दाचा मूळ अर्थ श्वापदाने फाडलेले. रानात फाडून टाकलेला पशू खाऊ नये असा नियम होता, त्यावरून पुढे सर्वच अभक्ष्यास ते नाव पडले. शब्दांचा अर्थविस्तार कसा होतो हे मुलांना शिकविण्यात ज्याची हयात गेली, त्यास असे उदाहरण सापडले म्हणजे जेवणाआधीच निम्मे पोट भरते.

कोशर नियमांचा पसारा मोठा आहे, पण आपल्या धर्मशास्त्राची थोडीशी ओळख असलेल्यास तो परका वाटणार नाही. आपल्याकडे अन्नाचे दोष सांगताना जातिदुष्ट म्हणजे मुळातच वर्ज्य, आणि संसर्गदुष्ट म्हणजे एरवी चांगले पण कशाच्या तरी संपर्काने बिघडलेले, असे भेद करतात. तेच येथे जसेच्या तसे दिसतात. ज्या पशूचे खूर दुभंगलेले आहेत आणि जो रवंथ करतो, तोच ग्राह्य. डुकराचा खूर दुभंगलेला असतो, पण ते रवंथ करीत नाही. म्हणून ते जातिदुष्ट. माशास पर व खवले दोन्ही हवीत. म्हणजे कोळंबी, खेकडे, शिंपल्या सर्व बाद. रक्त तर सर्वथा वर्ज्य. त्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात, नंतर तासभर मिठात ठेवून पुन्हा धुतात. वध करणाऱ्याच्या सुरीस नखाला लागेल इतकाही दाता असता कामा नये. आणि सर्वांत विलक्षण नियम दूध व मांस यांच्या संसर्गाचा. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, असे वाक्य त्यांच्या मूळ ग्रंथात तीन वेळा आले आहे. एवढ्या एका वाक्यावरून पंडितांनी नियमांचा केवढा वृक्ष वाढविला! दूध व मांस एकत्र शिजवू नये, एकत्र खाऊ नये, दोहोंची भांडी वेगळी, धुण्याची जागा वेगळी. मांस खाल्ल्यावर दूध घेण्यापूर्वी कित्येक घराण्यांत सहा तास थांबतात, कोठे तीन, आणि हॉलंडच्या यहुद्यांत एकच. घराणेपरत्वे आचार बदलतो आणि प्रत्येकास आपलाच खरा वाटतो, हे वाचून आमच्या ऋग्वेदी-यजुर्वेदी स्वयंपाकघरांतील वाद आठवल्यावाचून राहत नाहीत.

यामुळेच त्या वस्तीत दुकानांचे दोन वर्ग पडले. मांस विकणारी ती डेली. आणि दूध, लोणी, चीज व मासे विकणारी निराळी. या दुसऱ्या वर्गातले 'रस अँड डॉटर्स' हे 1914 साली स्थापन झालेले दुकान अद्याप चालू आहे. दुकानाच्या नावात मुलगे न घालता मुली घालणाऱ्या त्या गृहस्थास तीन कन्याच होत्या, आणि त्याने त्यांस भागीदार केले. दूध नाही व मांस नाही अशा तिसऱ्या वर्गास 'पार्व' म्हणतात. धान्य, भाज्या, फळे, तेल, मीठ हे सर्व त्यात येते. परंतु अंडे व मासाही त्यातच धरतात, हे आपल्या लोकांनी पक्के लक्षात ठेवावे. अमेरिकेत डब्याडब्यांवर ही चिन्हे छापलेली असतात. वर्तुळातील 'यू' अक्षर हे त्यांतील सर्वांत परिचित. मांस नको असणारी कित्येक हिंदू कुटुंबे त्या चिन्हांवरूनच डबे निवडतात, असे सूनबाईंनी सांगितले. दुसऱ्याच्या सोवळ्याचा असाही उपयोग होतो.

आता मूळ गोष्टीकडे वळतो. मेजाशी बसल्यावर नातू म्हणाला, "आजोबा, तुम्हांला त्रास होणार असेल तर मी बटाट्याचेच काहीतरी घेतो."

मी क्षणभर थांबलो. त्यास 'घेऊ नकोस' म्हटले असते तर त्याने ऐकले असते. मुलगा आज्ञाधारक आहे. परंतु ते ऐकणे त्या मेजापुरते झाले असते. मी म्हटले, "बाळ, तू येथे बापाबरोबर येतोस तेव्हा जे घेतोस तेच घे. माझ्यासमोर एक आणि माझ्यामागे एक, असे मात्र नको."

त्याने पास्ट्रामी मागितली. ती गोमांसाची असते. त्याची आजी गुडघेदुखीमुळे येथेच राहिली होती. तिला हे मी पत्रातून कळविले नाही व फोनवरही सांगितले नाही. हा अंक घरी येईल तेव्हाच ती वाचील, आणि पुढील महिन्यात हे सदर चालू राहिले तर वाचकांनी निकाल समजून घ्यावा.

पास्ट्रामीची कुळकथा मात्र ऐकण्याजोगी आहे. तुर्कांचा 'बास्तिर्मा' हा दाबून, खारवून टिकविलेल्या मांसाचा प्रकार. तो रुमानियात 'पास्त्रामा' झाला. तेथील यहुदी तो हंसाच्या मांसाचा करीत. अमेरिकेत गोमांस स्वस्त म्हणून त्याचा करू लागले. मांस मिठाच्या पाण्यात कित्येक दिवस ठेवून, वरून जाडसर कुटलेले धने व मिरी चोळून, धुरी देऊन, शेवटी वाफवून हाताने कापतात. ताट मेजावर आले आणि मला जो वास आला, तो धन्यांचा व मिऱ्यांचा. डोळे मिटले असते तर मसाले भाजण्याच्या दिवशीच्या आमच्या माजघरात बसलो आहे असे वाटले असते. डोळे मिटले नाहीत. समोर नातू दोन्ही हातांनी तो उंच पाव दाबून तोंडात कसा मावेल याचा विचार करीत होता, आणि मी त्याच्याकडे पाहत होतो. सुखाने पाहत होतो असे म्हणणार नाही. उठून दुसऱ्या मेजाशी मात्र गेलो नाही.

माझ्यासाठी काय घ्यावे, हे ठरविण्यास फळीमागील वृद्धाने जी मदत केली ती आपल्याकडील शंभर टक्के शाकाहारी पाटीच्या हॉटेलातही मला क्वचित मिळाली आहे. मी विचारले, यात मांस आहे का? चरबी आहे का? अंडे? प्रत्येक पदार्थाचे उत्तर त्याच्या जिभेवर तयार. यात अंडे आहे, सोडा. यात कांदा चरबीत परतला आहे, सोडा. हे तेलात आहे, निराळ्या कढईतले आहे, वरून अंड्याचा हात फिरविलेला नाही, हे घ्या. ज्याच्या धर्मात अन्नाची चौकशी करणे हेच धर्माचरण आहे, त्यास दुसऱ्याच्या चौकशीचा कंटाळा येत नाही. 'थोडेसे चालते हो' असे म्हणणारा मनुष्य, तो परका असो की आपला, मला नेहमीच त्रासदायक वाटत आला आहे. येथे तो भेटला नाही.

तर मी खाल्ले ते असे. 'निश' म्हणजे पातळ पारीत बटाट्याचे सारण भरून भट्टीत भाजलेला गोळा. बाहेर खुसखुशीत, आत मऊ, परतलेल्या कांद्याची गोडी आणि मिऱ्यांचा झणका. हिरवी मिरची, आले, लिंबू यांपैकी काहीच नाही, म्हणून प्रथम अळणी वाटतो. तिसऱ्या घासास त्याचे म्हणणे कळते. दुसरा निश 'काशा'चा घेतला. काशा म्हणजे आपला कुट्टू, जो उत्तरेकडे उपवासास चालतो. भाजलेल्या दाण्याचा खमंगपणा त्यास असतो. पाव राय नावाच्या धान्याचा. हिला आपली राई समजू नये. थंड प्रदेशातील गव्हासारखे ते धान्य आहे. पावात शहाजिऱ्यासारखे दाणे होते. त्याजवर लावावयास मोहरी फेसून केलेले तपकिरी चाटण, नाकात जाणारे, अगदी आपल्या फेसलेल्या मोहरीचे सख्खे भावंड.

आणि लोणचे! त्याविषयी थोडे सविस्तर लिहिल्याखेरीज राहवत नाही. लहान काकड्या अख्ख्याच मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवतात. त्यात लसूण आणि शेपू घालतात. होय, शेपूच, जो आपल्याकडे अर्ध्या घरास आवडतो आणि उरलेले अर्धे घर तो शिजत असता बाहेर जाऊन बसते. व्हिनेगर घालीत नाहीत. आंबटपणा येतो तो आपोआप, आंबण्याच्या क्रियेने. थोड्या दिवसांचे ते अर्धे आंबट. त्याचा रंग अजून हिरवागार असतो व दाताखाली ते करकर वाजते. कित्येक आठवड्यांचे ते पुरे आंबट, ऑलिव्हच्या रंगाचे, मुरलेले. दोन्ही प्रकार पितळीत घालून न मागता पुढे ठेवले जातात. खारातल्या मिरच्या आणि मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या खाऊन वाढलेल्या कोकणी-देशस्थ जिभेला याची ओळख करून द्यावी लागत नाही. मी दोनदा मागून घेतले.

मी चवीत गुंतलो असता नातवाने चॉकलेट घातलेले दूध मागितले. वृद्ध म्हणाला, "दूध नाही."

मुलास वाटले, संपले असेल. त्याने साधे दूध चालेल म्हणून सांगितले. वृद्ध हसून म्हणाला, "साधेही नाही. आज नाही असे नव्हे, बाळा. या छपराखाली दूध कधीच आले नाही."

मुलाच्या चेहऱ्यावर जे आश्चर्य उमटले ते मी विसरणार नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलास वस्तू महाग आहे म्हणून नाकारलेली ठाऊक असते, प्रकृतीस वाईट म्हणून नाकारलेली ठाऊक असते. पण समोरच्या दुकानात चार पावलांवर मिळणारी वस्तू, पैसे हातात असता, केवळ 'आम्ही ती येथे आणीत नाही' म्हणून मिळत नाही, हा अनुभव त्यास नवा होता. त्याने मला मराठीत विचारले, "का नाही आणत?"

मी त्यास करडाच्या वाक्याची हकीकत सांगितली. लगेच दुसरा प्रश्न आला. मुलास शास्त्र आवडते. "म्हणजे दोन्ही एकत्र खाल्ले की पोट बिघडते का?" मी म्हटले, चरकाने मासे व दूध एकत्र खाऊ नये असे सांगितले आहे, ते आरोग्यासाठी. मात्र या लोकांच्या ग्रंथात दूध-मांसाच्या नियमास कारणच दिलेले नाही. बाराव्या शतकात मायमोनिडीझ नावाचा त्यांचा मोठा तत्त्वज्ञ होऊन गेला. तो स्वतः वैद्य होता. त्याने तर्क केला, की हे अन्न जड आहे, शिवाय मूर्तिपूजकांच्या विधीत ते असावे, म्हणून मनाई. परंतु तो तर्कच. कारण पटो वा न पटो, नियम पाळला गेला.

हे बोलताना मला आपल्याकडील एका खोडीची आठवण झाली. हल्ली आपण प्रत्येक आचारास विज्ञानाचे ठिगळ लावतो. चातुर्मासात वांगे का नाही, तर जंतू. ग्रहणात का जेवू नये, तर किरणे. ही ठिगळे चार दिवस टिकतात. मुलगा वरच्या इयत्तेत गेला की ती उसवतो, आणि त्याबरोबर मूळ वस्त्रही फेकून देतो. त्यापेक्षा 'आपल्या घरी असे करीत आले आहेत, आणि मला ते करावेसे वाटते,' हे खरे उत्तर मुलास देण्याची आपल्याला लाज का वाटावी, हे मला कळत नाही. अर्थात् तेवढ्याने मुलगा ऐकेलच असे नाही. माझ्या नातवाने तो पाव संपविला.

"आपल्याकडे असा नियम आहे का?" असे त्याने विचारले तेव्हा मी त्यास धर्मसूत्रांतील एक नियम सांगितला : गाय व्याल्यापासून दहा दिवस तिचे दूध वर्ज्य. त्याच्या डोळ्यांत एकदम चमक आली. "पण खरवस?" मुंजीच्या वेळी पुण्यास त्याने तो पोटभर खाल्ला होता, आणि चिकाचा म्हणजे पहिल्या दिवसांच्या दुधाचा असतो हेही कोणीतरी त्यास सांगितले होते. आता धर्मशास्त्र वर्ज्य म्हणते आणि खरवसावाचून आमच्या सोवळ्यातल्या आज्यांचेही चालत नाही, याची संगती मी त्यास काय सांगणार? मी दुसरा निश पुढे ओढला.

एवढ्यात शेजारच्या मेजाशी एक म्हातारा गृहस्थ येऊन बसला. तो प्रथम कोपऱ्यातील हात धुण्याच्या जागी गेला. तेथे दोन कानांचे एक भांडे साखळीने बांधले होते. त्यातून त्याने एकेका हातावर पाणी ओतले, पुसता पुसता काही पुटपुटला, आणि मेजाशी आला तो मुका. वाढणाऱ्याने काही विचारले तर मानेनेच उत्तर. पावाचा तुकडा मोडून, मिठाला लावून, मंत्र म्हणून तोंडात घातला. मग तोंड उघडून पहिले वाक्य बोलला ते हवेविषयी. हात धुतल्यापासून पहिला घास घेईपर्यंत बोलावयाचे नाही, असा त्यांचा दंडक आहे. माझे वडील आपोशन घेण्याआधी असेच मौन धरीत, आणि आम्ही मुले त्या वेळी मुद्दाम प्रश्न विचारून त्यांच्या भिवयांचे नृत्य पाहत असू. नातू त्या गृहस्थाकडे टक लावून पाहत होता. "हे काय करतात?" "जेवायला बसतात," मी म्हटले.

कोकणच्या वाचकांना यांतील बरेचसे ऐकून ठाऊक असेल, कारण बेने इस्रायल लोक त्यांच्याच गावांतले. किहीम, पेण, नवगाव ही गावे किहीमकर, पेणकर, नवगावकर या आडनावांत अजून आहेत. तेल गाळण्याचा त्यांचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना 'शनवार तेली' म्हटले. त्यांच्यात एक कथा परंपरेने चालत आली आहे. डेव्हिड राहाबी नावाचा परदेशी यहुदी कोकणात आला, आणि हे लोक खरोखरच आपले आहेत की काय हे पाहण्यासाठी त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे शिजविण्यास ठेवले. त्यांनी पर व खवले नसलेले मासे आपणहून बाजूला काढले. भाषा गेली होती, ग्रंथ गेले होते. चुलीपाशी नियम शिल्लक होता, आणि तो स्त्रियांच्या हातात होता. आमच्या शाळेतील एका बेने इस्रायल शिक्षकांच्या घरी मी पहिल्याने ऐकले, की त्यांच्या सामिष रश्शात दूध-दह्याऐवजी नेहमी नारळाचे दूध पडते. कोकणात ते सर्वच घालतात. पण शेजाऱ्याचा तो रुचीचा प्रश्न, यांचा शास्त्राचा. 1948 नंतर त्यांच्यातील बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली.

स्त्रियांचा विषय निघाला म्हणून याच लोअर ईस्ट साइडमधील एक हकीकत सांगतो. आमच्या वाचक भगिनींना ती आवडेल. 1902 सालच्या मे महिन्यात कोशर मांसाचा भाव पौंडास 12 सेंटांवरून 18 सेंटांवर गेला. ठोक व्यापाऱ्यांनी तो चढविला होता. या वस्तीतील गृहिणींनी, ज्यांपैकी पुष्कळींना इंग्रजीही धड येत नव्हते, घरोघर जाऊन एकजूट केली आणि खाटकांवर बहिष्कार पुकारला. जे कोणी विकत घेई त्याचे मांस रस्त्यावर फेकले जाई. पोलीस आले, अटका झाल्या. शनिवारी त्या प्रार्थनामंदिरांत गेल्या आणि ग्रंथपठण थांबवून पुरुषांपुढे आपले गाऱ्हाणे मांडले. काही आठवड्यांत भाव उतरला. यात ध्यानात घेण्याजोगे हे, की शेजारच्या गल्लीत बिगरकोशर मांस मिळत होते. ते आणून त्यांचा प्रश्न एका दिवसात सुटला असता. तो मार्ग त्यांच्या मनातही आला नाही.

त्या काळानंतर ही दुकाने वाढतच गेली. 1930 च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात कोशर डेली दीड हजारांच्या घरात होत्या. आज तशा थोड्याच उरल्या आहेत. मुले शिकली, उपनगरांत राहावयास गेली, मोठ्या भांडारांत सर्व काही वेष्टनात मिळू लागले, वैद्यांनी खारवलेल्या मांसाविरुद्ध बजावले, भाडी चढली. कोशर नसलेल्या बड्या दुकानांचीही तीच गत. नाटकगृहांच्या भागातील प्रख्यात 'कार्नेगी डेली' 2016 साली बंद झाली. 'सेकंड अॅव्हेन्यू डेली' नावाचे कोशर दुकान भाड्याच्या तंट्यावरून 2006 साली मूळ जागेतून उठले व पुढील वर्षी दुसऱ्या रस्त्यावर पुन्हा उघडले. नाव मात्र तेच ठेवले.

आमच्या वृद्धास मी विचारले, पुढे दुकान कोण पाहणार? तो म्हणाला, एक मुलगा वकील आहे, एक दंतवैद्य. दोघेही कोशर पाळतात की नाही, हे मी विचारले नाही. त्यानेच सांगितले : थोरला पाळतो, धाकटा येथे आला म्हणजे पाळतो. असे म्हणून त्याने माझ्या नातवाच्या ताटाकडे आणि मग माझ्या ताटाकडे पाहिले. बहुधा त्यास सर्व समजले असावे. तो काही बोलला नाही, आणि मलाही बोलण्याजोगे काही सुचले नाही. त्याने लोणच्याची पितळी पुन्हा भरून आणली.

जाणाऱ्यांच्या सोयीसाठी : निश साधारण पाच-सहा डॉलरांस पडतो, पास्ट्रामीचा पाव चोवीसच्या आसपास. शुक्रवारी दुपारनंतर जाऊ नये. पेयांत 'सेल-रे' नावाचे सेलरीच्या बियांचे सोडावॉटर मिळते. ते प्रथम औषधासारखे लागते आणि नंतरही तसेच लागते, पण तेलकट खाण्यावर उतारा म्हणून उत्तम. चहा मिळतो, तो दुधावाचून. लिंबाची फोड घालून घ्यावा.

निघताना अर्ध्या आंबट काकड्यांची एक बरणी विकत घेतली. घरी सूनबाईंनी ती शीतकपाटात आंब्याच्या लोणच्याशेजारी ठेवली. रोज जेवताना नातू एक काकडी काढी व अर्धी मला देई. पाचव्या दिवशी त्याने चाखून सांगितले, की आजोबा, ही आज कालच्यापेक्षा आंबट आहे. मी त्यास आंबण्याची क्रिया समजावून सांगितली. बरणी आठव्या दिवशी संपली, आणि उरलेल्या पाण्यात सूनबाईंनी गाजराचे तुकडे घालून ठेवले.